आत जाणारा ब्रेक

संयोगिताच्या पायाखालून ब्रेक पहिल्यांदा निसटला तो कळंब्याच्या तलावाजवळ, सकाळच्या लख्ख उन्हात. पुढं एसटी थांबली होती. घाई कसलीच नव्हती. तिनं नेहमीसारखा अलगद पाय ठेवला, गाडी मंदावली, आणि मग पायाखालचं पेडल हळूहळू खाली जायला लागलं. चिखलात पाय रुतावा तसं. ती दाबत होती तेवढंच दाबत होती, पेडल मात्र आपल्या मनानं खाली चाललं होतं आणि गाडी पुढं सरकत होती. एसटीच्या पाठीवरची अक्षरं मोठी होत गेली. तिनं हँडब्रेक खेचला तेव्हा मध्ये वीतभर जागा उरली होती.

एसटी निघून गेली. मागचा दुचाकीवाला शेजारून जाताना ओरडला, "काय बाई, झोप लागली काय?"

तिनं गाडी कडेला घेतली आणि पेडल पुन्हा जोरात दाबून पाहिलं. कडक. दगडासारखं.

संयोगिताची मुरगूडला रक्त-लघवी तपासायची लॅब होती. कळंब्यातलं घर ते मुरगूड असा तिचा रोजचा प्रवास, वाटेतल्या गावांतून नमुने गोळा करत जायचं. एसटीनं हे जमत नव्हतं, म्हणून तर तिच्या नवऱ्यानं, उदयसिंहनं, दीड वर्षापूर्वी ही जुनी गाडी घेतली होती. छोटी एसयूव्ही, पांढरी, डिझेल. गडहिंग्लजचे भांड्यांचे व्यापारी सोमशेखर हे उदयसिंहच्या पंपांच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक, त्यांच्या घरची. "घरात वापरली, लई फिरवली न्हाय," असं ते म्हणाले होते.

गाडी दिसायला दणकट होती, आत बसलं की रस्ता उंचावरून दिसायचा. पण पहिल्याच वर्षात क्लच गेला. मग पुढच्या चाकांचे बुश. मग एसीचा कॉम्प्रेसर. दर दोन महिन्यांनी काहीतरी आवाज यायचा आणि उदयसिंह उद्यमनगरात कृष्णातच्या गॅरेजला गाडी लावून यायचा. "दुभती म्हस म्हटल्यावर पेंड घालायलाच लागती," असं तो सुरुवातीला हसत म्हणायचा. अलीकडं हसणं बंद झालं होतं.

त्या संध्याकाळी तिनं सगळं सांगितलं. उदयसिंह तसाच उठला, चप्पल घातली, गाडी काढली आणि कॉलनीला दोन फेऱ्या मारून आला. दर कोपऱ्यावर टायर किंचाळल्याचा आवाज घरात ऐकू येत होता.

"कडक हाय की ब्रेक! जाग्याला हुबी राहती गाडी."

"तेव्हा आत गेला होता, अहो. माझ्या पायाखाली."

"पाय घसरला असंल."

"पाय घसरला आणि पेडल खाली गेलं, यातला फरक मला कळत नाही का?"

उदयसिंह वाईट माणूस नव्हता. दुसऱ्या दिवशी दुकान भावावर सोपवून तो स्वतः कृष्णातकडं गेला. कृष्णातनं चाकं उघडली, पॅड झिजलेत म्हणाला, डिस्कवर चरे पडलेत म्हणाला, सगळं नवीन घातलं, ब्रेक ऑइल बदललं. बिल बघून उदयसिंहनं नुसताच सुस्कारा टाकला. "आता डोळं झाकून चालव," तो म्हणाला.

तीन आठवडे तिनं चालवली, डोळे टक्क उघडे ठेवून. काही झालं नाही. मग हळूहळू खांदे सैल झाले. रेडिओ लावावासा वाटायला लागला.

उसाचा हंगाम ऐन भरात होता. बिद्रीच्या अलीकडच्या उतारावर एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत चालला होता. ट्रॉल्या इतक्या लादल्या होत्या की उसाची टोकं मागं चार-चार हात बाहेर आली होती, आणि ट्रॅक्टरवरच्या कर्ण्यातल्या गाण्यानं कान किटत होते. संयोगितानं अंतर ठेवून अलगद ब्रेक धरला.

पेडल पुन्हा खाली जायला लागलं.

उसाची ती टोकं काचेच्या दिशेनं येत होती, सावकाश, एखादं जनावर पुढं येऊन वास घेतं तशी. समोरून ट्रक येत होता, त्यामुळं उजवीकडं जागा नव्हती. तिनं डावीकडं स्टिअरिंग मारलं. गाडी साइडपट्टीवरून धडधडत खाली उतरली, एका मोकळ्या रानात ढेकळांवरून हेलकावली आणि बंद पडली. एक ऊस उजव्या आरशाला फटका देऊन गेला होता. आरसा वायरीला लोंबत होता.

रानात पाणी पाजणारा एक म्हातारा धावत आला. "पावणं, लागलं न्हाय न्हवं? उतरा खाली, उतरा." मग काचेतून बघून म्हणाला, "आगं पोरी, स्टिअरिंग सोड की आता."

तिची बोटं सुटत नव्हती. म्हाताऱ्यानं दार उघडून एकेक बोट हलक्या हातानं सोडवलं.

या खेपेला गाडी हायवेकडच्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला गेली. तिथला ऋतुराज नावाचा सल्लागार काचेच्या खोलीत बसवून चहा देऊन बोलला. गाडी कॉम्प्युटरला लावली, फॉल्ट काही दाखवत नाही. त्यांच्या ड्रायव्हरनं चालवून पाहिली, ब्रेक ओके. तरी मॅडमना तसं वाटत असेल, तर एबीएसचं युनिट बदलून बघता येईल. त्यानं आकडा सांगितला तेव्हा उदयसिंहनं चहाचा कप खाली ठेवला.

"बदलून बघता येईल म्हंजे? बदलल्यावर जाईल का त्रास?"

"गॅरंटी नाही देता येणार सर. कारण आम्हाला फॉल्टच मिळत नाही."

परतताना उदयसिंह गाडी चालवत होता. सिग्नल आला की गचकन ब्रेक मारायचा, तिचं डोकं पुढं जायचं, आणि तो तिच्याकडं बघायचा. प्रत्येक वेळी ब्रेक लागत होता. शेवटी तो म्हणाला, "बग संयू, दोन ठिकाणी दावली. मी रोज फिरवून बघतोय. गाडीत काय न्हाय. तुझ्या पायातच बळ न्हाय, न्हायतर तू भ्यालीयास."

हे तिच्याही मनात येऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं लॅबमध्ये गेली आणि गिऱ्हाईक यायच्या आधी तिनं स्वतःच्या दंडाला पट्टा बांधून स्वतःचंच रक्त काढलं. साखर तपासायला लावली. बी-ट्वेल्व्ह लावलं. दार आतून लावून उजव्या पायावर उभी राहिली, तळव्यावर कापसाचा बोळा फिरवून कळतं का बघितलं, बोटं ताणून पाहिली. सगळं ठीक होतं. रिपोर्ट बघून माणसाला हायसं वाटतं, पण ती आणखीनच घाबरली. पाय चांगला आहे, गाडी चांगली आहे, मग ते खाली गेलं ते काय होतं?

सासूबाईंनी, धोंडुबाईंनी, गाडीवरून लिंबू उतरून टाकलं. "काय काय गाड्या आसत्यात आशा. माणूस वळखून खोड काढत्यात," त्या म्हणाल्या. संयोगितानं आयुष्यात असल्या गोष्टींवर विश्वास ठेवला नव्हता. पण अंगणात उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या गाडीच्या समोरून जायचं ती टाळायला लागली. घरात शिरताना बॉनेटला लांबून वळसा घालायची. आठवीतल्या लेकीनं, क्रांतीनं, एकदा विचारलंच, "आई, तू गाडीला भितीस?"

एका दुपारी तिला वाटलं, आधी कधी ब्रेकचं काम झालं होतं का, हे तरी विचारावं. तिनं सोमशेखरांच्या घरी फोन लावला. त्यांच्या सुनेनं, शांभवीनं तो उचलला. आवाज तरुण, बोलताना शब्दांना कानडी हेल. संयोगितानं आपली ओळख सांगितली.

"अक्का, मामा दुकानात हायत. काय निरोप?"

"काही नाही गं, गाडीचं विचारायचं होतं. ब्रेकचं."

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला आणि शांभवी कुजबुजल्यासारखी बोलली, "आत जातोय काय?"

संयोगितानं फोन कानाला घट्ट धरला.

"हळू हळू आत जातोय न्हवं? पाय ठेवलेला आसतोय आणि खालचं सगळं जातंय?"

"तुला कसं माहीत?"

"मीच चालवत होते की ती गाडी. मुलाला शाळेत सोडायला. दोनदा झालं. दुसऱ्या वेळी शाळेच्या फाटकाला धडकले. मुलाच्या कपाळाला टाके पडले, अक्का. आमच्या ह्यांनी चालवून बघितली, मामांनी बघितली. त्यांना काय झालं न्हाय. सगळी म्हणाली, हिला जमत न्हाय. तवापासनं मी स्टिअरिंगला हात लावला न्हाय. गाडी इकली, बरं झालं म्हटलं. मला वाटलं, माझ्यातच दोष."

"मलाही तेच सांगतायत."

"तुम्ही नका चालवू ती. तुम्हाला पोरगी हाय न्हवं?"

रात्रीच्या जेवणाला संयोगितानं हे उदयसिंहला सांगितलं. त्यानं भाकरी मोडता मोडता मान हलवली. "दोन बायका भ्याल्या म्हंजे गाडी बिघडली व्हय? त्यांच्यातबी गड्यांनी चालवली तवा चांगलीच हुती की."

हेच तर तिला कळत नव्हतं, आणि याचीच तिला जास्त भीती वाटत होती.

माघातल्या एका रविवारी धोंडुबाईंनी जोतिबाला जायचा हट्ट धरला. उदयसिंह चालवणार होता, म्हणून संयोगिता तयार झाली. त्याच्या हाती गाडी कधी दगा देत नाही, एवढं तरी तिला ठाऊक होतं. ती मागं क्रांतीचा हात धरून बसली. उदयसिंह नेहमीसारखा दणक्यात चालवत डोंगर चढला, नेहमीसारखा लाथ मारल्यागत ब्रेक मारत गाड्यांच्या रांगेत उभा राहिला. दर्शन झालं. सगळे गुलालानं लाल झाले.

पण उतरताना गुलालानं निसरड्या झालेल्या पायरीवर उदयसिंहचा उजवा पाय मुरगळला. घोटा बघता बघता आंब्याएवढा सुजला. दोघा पुजाऱ्यांनी धरून त्याला गाडीपर्यंत आणलं. ड्रायव्हरच्या जागेवर बसून त्यानं पेडलवर पाय ठेवला आणि कळवळून ओरडला.

"संयू, तुलाच घ्यायला लागंल."

"मी नाही. आपण जीपनं जाऊ."

"आणि गाडी हितंच टाकू? मी शेजारी बसतो की. घाबरतीस कशाला?"

धोंडुबाई आणि क्रांती मागं बसल्या होत्या. मागून दोन गाड्या हॉर्न देत होत्या. नाही म्हणायला तिच्याकडं दुसरं काही कारण नव्हतं, आणि जे होतं त्यावर कुणाचा विश्वास नव्हता. ती स्टिअरिंगमागं बसली. तळहात घामानं ओले झाले होते, ते तिनं साडीला पुसले. निघण्याआधी तिनं ब्रेक जोरात दाबून पाहिला. कडक होता.

पहिली दोन वळणं दुसऱ्या गिअरवर उतरली. डाव्या हाताला कठडा, त्याच्या पलीकडं खाली पार पायथ्याच्या केर्लीपर्यंतची शेतं, आणि मध्ये नुसती हवा. पुढं एक जीप माणसांनी खच्चून भरून चालली होती; मागच्या फळीवर दोन पोरं लोंबकळत होती.

"आता सावकाश," उदयसिंह म्हणाला. "दणकं नको मारूस. हळू, हळू धर ब्रेक."

तिनं हळू धरला.

पेडल खाली गेलं.

"अहो..."

"धर, धर तसाच."

"जातोय! आत जातोय!"

जीपवरची पोरं जवळ आली. त्यातल्या एकाच्या शर्टाची तुटकी बटणं दिसली. उदयसिंहचा हात हँडब्रेककडं गेला, पण घोट्याला झटका बसून तो तिच्याच अंगावर कलंडला. मागं धोंडुबाई देवाचं नाव घेत होत्या, क्रांती "आई, आई" करत होती. पेडल पार तळाला टेकलं. संयोगितानं पाय उचलला आणि उरल्यासुरल्या सगळ्या ताकदीनं लाथ घातल्यासारखा मारला.

गाडी गचकन थांबली. सगळ्यांची डोकी पुढं गेली. जीप वळणावरून नाहीशी झाली.

तिनं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला, उतरून कड्याच्या बाजूचे दोन दगड चाकांखाली सारले आणि मग रस्त्याच्या कडेला बसून उलटी केली. क्रांतीनं पाठीवरून हात फिरवला. पाठ भिजून चिंब झाली होती.

पाण्याची चूळ भरताना तिच्या डोक्यात एक गोष्ट अडकून राहिली. हळू धरला तेव्हा गेला. जोरात मारला तेव्हा लागला. तलावाजवळ अलगद. ट्रॉलीमागं अलगद. आणि उदयसिंह, कृष्णात, तो सर्व्हिस सेंटरचा ड्रायव्हर, शांभवीचा नवरा, सगळे ब्रेक तपासताना काय करत होते? दणके मारत होते. लॅबमध्ये एखाद्या रिपोर्टची शंका आली की ती नमुना पुन्हा लावून बघायची, पण पहिल्यांदा लावला होता अगदी तसाच. हे कुणीच केलं नव्हतं.

ती क्रांतीला घेऊन गाडीत परत आली. दगड पक्के बसलेत हे बघितलं, गिअर काढून इंजिन सुरू केलं.

"आता काय करतीयास?" उदयसिंहचा आवाज नरमला होता.

"तुम्ही वाका आणि हातानं पेडल दाबा. जोरात नाही. क्रांती तान्ही असताना तिची टाळू चाचपायचात ना, तसं. आणि धरून ठेवा."

पाय दुखत होता म्हणून तो आडवा होऊन स्टिअरिंगखाली हात घालून वाकला. तळहात पेडलवर ठेवला. थोडा वेळ काही झालं नाही. तिला वाटलं, आता हेही खोटं ठरलं तर?

मग तिनं त्याचा खांदा खाली जाताना पाहिला. हळूहळू, बोटभर, मग आणखी बोटभर. त्याचा हात पेडलबरोबर तळाला जाऊन टेकला. त्यानं हात काढला, पुन्हा ठेवला. पुन्हा तसाच गेला.

तो वर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरच्या गुलालाखालचा रंग उडालेला दिसत होता. त्यानं वळून मागच्या सीटवर बसलेल्या लेकीकडं बघितलं.

"क्रांतीला उतरीव," तो म्हणाला. "आईलाबी उतरीव. आता ही गाडी कुणीबी चालवायची न्हाय."

धोंडुबाई आणि क्रांती खाली जाणाऱ्या एका ओळखीच्यांच्या गाडीतून गेल्या. नवरा-बायको कठड्याला टेकून क्रेनची वाट बघत बसले. उन्हं कलल्यावर तिनं त्याचा हात धरला. माफी वगैरे तो काही मागू शकला नाही, एकदाच म्हणाला, "मीच तुला म्हटलं, हळू धर."

कृष्णातनं या वेळी तिनं सांगितल्यासारखं दाबून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. पेडलच्या पुढं ब्रेक ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर असतो, त्याच्या आतलं रबर झिजलं होतं. जोरात दाबलं की रबर घट्ट बसायचं, हळू दाबलं की ऑइल बाजूनं मागं निसटायचं. बाहेर एक थेंबही गळत नव्हता, म्हणून कुणाला दिसलं नाही. "वहिनी, मीच चुकलो. तुम्ही कसा दाबता, ते मी इचारलंच न्हाय," तो म्हणाला. नवा भाग पुण्याहून मागवावा लागला. सर्व्हिस सेंटरनं सांगितलेल्या आकड्याच्या पासंगालाही त्याची किंमत पुरत नव्हती.

गाडी दुरुस्त होऊन अंगणात आली. संयोगिता पहिल्या दिवशी चालवायला बसली तेव्हा रस्ताभर, मोकळ्या रस्त्यावरही, ती उगाच ब्रेकवर पाय ठेवून बघत होती. अलगद ठेवायचा, धरायचा, मोजत राहायचं. पेडल जागेवर राहत होतं. तरी बिद्रीच्या उतारावर ट्रॉली दिसली तशी ती कडेला थांबली आणि ट्रॉली दिसेनाशी होईपर्यंत निघालीच नाही. मुरगूडला पोचली तेव्हा जबडा दुखत होता, दात किती आवळून धरले होते ते तिला उतरल्यावर कळलं.

लॅब उघडायच्या आधी तिनं गडहिंग्लजला फोन लावला. शांभवीनंच उचलला. संयोगितानं तिला सगळं सांगितलं, डोंगर, जीप, हातानं दाबलेलं पेडल, झिजलेलं रबर.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"म्हंजे माझा पाय..."

"तुझा पाय चांगला आहे. माझाही चांगला आहे. आपण दोघी नीट चालवत होतो, शांभवी."

"अक्का, थांबा. ठेवू नका." पलीकडं घाईघाईची पावलं वाजली, एक दार उघडलं, भांड्यांचा आणि माणसांचा आवाज आला. ती दुकानात गेली असावी. "मामा हायत, आमचं हे बी हितंच हायत. मी स्पीकरवर टाकलाय. आता परत एकदा सांगा. पैल्यापासनं सांगा."

संयोगितानं खुर्ची ओढली आणि तलावाजवळ थांबलेल्या एसटीपासून सांगायला लागली.